गाडी लावल्यानंतरचं अंतर

पावसाळ्यातल्या रविवारी ताम्हिणी घाटातून जाताना धबधबा कुठे आहे हे कड्याकडे बघून कळत नाही, रस्त्याकडे बघून कळतं. दोन्ही साइडपट्ट्यांवर गाड्या लागलेल्या असतात, मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट उरलेली असते आणि त्याच वाटेतून भिजलेली माणसं भाजलेली कणसं हातात घेऊन चाललेली असतात. दोन वळणं मागे मोकळा असलेला रस्ता इथे अचानक दाटतो. मागून हॉर्न, समोरून हॉर्न. आणि या सगळ्याच्या वर, कुणाचं फारसं लक्ष नसताना, धुक्यातून पाणी खाली येत असतं.

अशाच एका वळणावर मी कोकणातून वर आलेली एसटी अडकलेली पाहिली. कंडक्टर खाली उतरून, डोक्यावर रुमाल धरून, एकेका गाडीच्या काचेवर टकटक करत होता. निम्म्या गाड्यांत माणूसच नव्हतं. बसच्या खिडकीशी एक म्हातारे आजोबा बसले होते, मांडीवर दवाखान्याची फाइल, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेली. पावसात फिरायला निघालेल्या आम्हा सगळ्यांसाठी तो खोळंबा तासाभराचा होता. त्यांच्यासाठी तो पुण्याला पोचण्याचा एकमेव रस्ता होता. त्या दिवसापासून गाडी कुठे लावायची हा प्रश्न माझ्यासाठी सोयीचा उरलेला नाही. मी स्वतः गाडी चालवते, सह्याद्री बघायला चालवते, आणि म्हणून यावर विचार करणं मला माझं काम वाटतं.

घाटरस्ता कसा आखतात ते समजलं की या गर्दीचं कोडं सुटतं. रस्ता डोंगराच्या अंगावरून, हळूहळू उंची घेत पुढे सरकतो. डोंगराची सोंड आली की तो बाहेर वळतो, घळ आली की आत शिरतो. घळीतून ओढा येणार हे उघड आहे. तो रस्ता ओलांडतो तिथे मोरी किंवा छोटा पूल बांधावा लागतो, आणि तिथेच रस्ता सर्वांत तीव्र वळण घेतो. म्हणजे धबधबा रस्त्याला भेटतो तो नेमका वळणावर, मोरीवर, रस्ता सर्वांत अरुंद आणि समोरचं सर्वांत कमी दिसणारं असतं त्या जागी. शिवाय पाणी जिथून वाट काढतं तिथला कातळ भेगाळलेला असतो, त्यामुळे सुटे दगड यायचे तेही तिथूनच. ‘दरडप्रवण क्षेत्र, वाहने थांबवू नयेत’ अशी पाटी आणि तिच्याखाली लागलेल्या आठ-दहा गाड्या हे दृश्य घाटात काही दुर्मीळ नाही. वळणापाशी आणि चढाच्या माथ्यावर गाडी उभी करू नये हे १९८९ च्या वाहतूक नियमांत होतं, २०१७ च्या नव्या नियमांतही आहे. पण घाटात जे बघण्यासारखं आहे ते मुख्यतः वळणापाशी आणि चढाच्या माथ्यावरच आहे. गाडी उभी करायला सर्वांत वाईट जागा आणि नजरेला सर्वांत सुंदर जागा या दोन्ही एकच निघतात. हा कुणाच्या बेशिस्तीचा प्रश्न नंतर होतो, आधी तो डोंगराच्या रचनेचा आहे. बेशिस्त नसलेला माणूसही तिथे येऊन क्षणभर ब्रेकवर पाय ठेवतोच.

म्हणून मला असं ठामपणे वाटतं की गाडीची जागा आणि बघण्याची जागा या दोन वेगळ्या असल्या पाहिजेत. त्यांच्यामध्ये अंतर हवं, आणि ते अंतर पायी किंवा सगळ्यांच्या मिळून एका वाहनाने कापायचं.

आपल्याकडे ही समज नव्हती असंही नाही. जुन्या घाटांत थांबायच्या जागा ठरलेल्या असत. बोरघाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराची कथा त्याच्याशी जोडलेली आहे, आणि अजूनही ट्रकवाले तिथून जाताना हात जोडतात. भोरहून महाडला जाणाऱ्या वरंध घाटात वाघजाईचं देऊळ आहे, तिथे भज्यांच्या टपऱ्या आहेत, माकडं आहेत आणि खाली शिवथरच्या बाजूची दरी दिसते. देवाच्या निमित्ताने सगळ्यांनी एकाच ठिकाणी थांबायचं, बैलांना आणि नंतर इंजिनाला दम खाऊ द्यायचा. मन मानेल तिथे थांबायची मुभा तेव्हाच्या गाडीवानाला नव्हतीच, चढावर थांबला असता तर त्याचीच गाडी मागे आली असती.

पण या सगळ्याचं मूळ बघायचं तर नाणेघाटात जायला हवं. जुन्नरहून घाटघरमार्गे गाडीने थेट माथ्यावर जाता येतं. पावसाळ्यात तिथे जी गर्दी होते ती बहुतेक उलट्या धबधब्यासाठी. कोकणातून येणारा वारा कड्याला धडकून खिंडीत कोंडतो आणि इतक्या जोरात वर उसळतो की खाली पडणारी पाण्याची धार पुन्हा वर फेकली जाते. अंगावर खालून पाऊस येतो. हे बघायला गाडीने यावं यात काही गैर नाही. पण सुट्टीच्या दिवशी माथ्यावरच्या हिरव्या सपाटीवर गाड्या जिथे जागा मिळेल तिथे शिरतात. पावसाने मऊ झालेल्या जमिनीत चाकं रुततात, मागेपुढे करताना हातभर चर पडतात, मग गावातला ट्रॅक्टर बोलवावा लागतो. त्या चरात पाणी साठतं, पुढच्या रविवारी नवी गाडी तो चर टाळून शेजारच्या गवतावरून जाते. अशी एक वाट दोन होते, दोनाच्या चार.

आणि ज्या गोष्टीसाठी नाणेघाट नाणेघाट आहे ती या गाडीवाल्यांपैकी कितीतरी जण बघतच नाहीत. खिंडीतून जरा खाली उतरलं की कातळात कोरलेली लेणी आहे. आत भिंतीवर ब्राह्मी लिपीतला सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, यज्ञ केल्याची आणि दिलेल्या दानांची मोजदाद असलेला. त्यातले आकडे भारतातल्या अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत धरले जातात. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या, आता त्यांची नावं आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. बाहेर पाण्याची टाकी आहेत, एकामागून एक कोरलेली. सोपारा, कल्याण या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवर या खिंडीतून जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. चढून आलेल्या माणसाला सावली, पाणी आणि पाठ टेकायला जागा मिळावी म्हणून हे सगळं कोरलं होतं. वर दगडाचा एक मोठा रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं परंपरेनं सांगतात.

दोन हजार वर्षांपूर्वीचा हा थांबा किती विचाराने बांधलेला आहे ते तिथे उभं राहिल्यावर जाणवतं. पैसे घ्यायची जागा आहे आणि पैशांच्या बदल्यात काय मिळणार तेही समोर आहे, पाणी आणि निवारा. आपण मात्र वरून, उलट्या बाजूने, बसल्या बसल्या पोचतो. आपल्याला ना धाप लागलेली असते ना तहान, म्हणून टाक्यांचा अर्थही लागत नाही. एकदा मी कोकणातल्या वैशाखरे गावाच्या बाजूने चढून आले तेव्हा लेणीच्या सावलीत बसताना मला त्या कोरणाऱ्यांबद्दल जी कृतज्ञता वाटली ती गाडीतून उतरून पाच मिनिटांत तिथे पोचल्यावर कधी वाटली नव्हती.

आता कासबद्दल सांगायला हवं, कारण हे अंतर राखून दाखवलेली माझ्या माहितीतली सर्वांत चांगली जागा ती आहे.

साताऱ्याहून साधारण २५ किलोमीटरवर, सुमारे १,२०० मीटर उंचीवर हे जांभ्याचं पठार आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली जी ठिकाणं जागतिक वारसा यादीत आली त्यांत कास आहे. जांभ्यावर मातीचा थर इतका पातळ की काही ठिकाणी बोटभरही नाही. त्या मातीत पोषण जवळपास नसतंच. म्हणून तर तिथे सीतेच्या आसवांसारखी वनस्पती उगवते. तिची निळी फुलं नाजूक दिसतात, पण तिच्या मुळांसारख्या धाग्यांवर असलेल्या बारीक पिशव्या पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेतात, कारण जमिनीतून जे मिळत नाही ते तिला तसं मिळवावं लागतं. गेंदाची पांढरी बोंडं, तेरड्याचा गुलाबी पट्टा, पिवळी सोनकी, पाण्याच्या डबक्यातला वायतुरा, आणि सात वर्षांनी एकदा फुलणारी टोपली कारवी, हे सगळं त्या बोटभर मातीवर उभं आहे. यातल्या कित्येक वनस्पती पाऊस संपता संपता बी टाकून मरतात आणि पुढच्या जूनपर्यंत नुसत्या बियांच्या रूपात त्या मातीत पडून राहतात. एका गाडीच्या चाकाखाली ती माती दबली तर यंदाचं फूलच नव्हे, पुढच्या वर्षाचं बीही गेलं. मे महिन्यात त्याच पठारावर गेलं तर काळा-तांबडा कातळ दिसतो, गाडी लावायला अगदी आदर्श जागा वाटावी असा. हीच कासची अडचण आहे. जे जपायचं ते वर्षातले बरेच महिने डोळ्यांना दिसतच नाही.

कासची फुलं वर्तमानपत्रांतून आणि फोनच्या पडद्यावरून सगळीकडे पोचली तेव्हा सप्टेंबरातल्या सुट्टीच्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्यांच्या रांगा लागायच्या. मग आजूबाजूच्या गावांच्या वनव्यवस्थापन समित्यांनी आणि वनविभागाने मिळून व्यवस्था बसवली. दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा, आधी ऑनलाइन नोंदणी, गाडी पठारापासून लांब ठरवून दिलेल्या वाहनतळावर, आणि तिथून पुढे समितीच्या छोट्या बसने. मधल्या काळात पठाराला जाळीचं कुंपण घातलं, गुरं चरायची थांबल्याचा फुलांवर काय परिणाम होतो यावर बराच वाद झाला, नंतर ते कुंपण काढलंही. व्यवस्था चुकत, सुधारत चालली आहे, आणि मला ते चांगलं लक्षण वाटतं. कुणीतरी बघतंय, विचार करतंय.

आम्ही गेलो तेव्हा आई-बाबाही सोबत होते. वाहनतळावर शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या गावातल्या काकांना मी विचारलं, आईचे गुडघे दुखतात, गाडी थोडी पुढे नेऊ का? ते म्हणाले, “ताई, आजीला बसनंच न्हेऊ की. पार दारात सोडतो. गाडी हितंच ऱ्हाऊ द्या, फुलं काय पळून जात न्हाईत.” त्यांनी पुढची बस आल्यावर आईला आधी चढवलं, दाराजवळची जागा रिकामी करून दिली. बसमध्ये शेजारी बसलेल्या समितीतल्या ताईंनी आईला खिडकीतून एकेक फूल दाखवायला सुरुवात केली. हे कवळ्याचं, याला मुलं मिकी माउस म्हणतात. ती चवर, आमच्याकडे गणपतीला लागते. गाडीने गेलो असतो तर हे आम्हाला कुणी सांगितलं नसतं. आई परतीच्या वाटेवर फुलांइतकीच त्या ताईंबद्दल बोलत होती.

लांब गाडी लावा असं म्हटलं की लगेच विचारतात, म्हाताऱ्यांचं काय, अपंगांचं काय, तान्ह्या मुलांचं काय? प्रश्न खरा आहे आणि तो विचारलाच पाहिजे. पण रस्त्यावर मिळेल तिथे गाडी लावण्याची मोकळीक म्हाताऱ्यांच्या कामाची असते का? पहाटे निघालेल्या तरुणांच्या गाड्या धबधब्याच्या तोंडाशी लागतात. आजी-आजोबांना घेऊन दहा वाजता पोचलेल्या कुटुंबाला जागा मिळते ती अर्धा किलोमीटर मागे, आणि मग वयस्क माणसांना भर रस्त्यातून, गाड्यांच्या आरशांना अंग चोरत, पावसात चालावं लागतं. व्यवस्थेत मात्र त्यांच्यासाठी बस असते, राखीव जागा ठेवता येते. सगळ्यांना मोकळीक दिली की ती सर्वांत धडधाकट माणसाच्या वाट्याला जाते, हे मी प्रत्येक घाटात बघते.

याच्याइतकीच महत्त्वाची, आणि फार कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे स्वच्छतागृह. पुण्या-मुंबईहून दोन-तीन तास गाडी चालवत आलेल्या बाईला थांब्यावर पहिल्यांदा काय हवं असतं? धबधबा नको असतो. निसर्ग बघायला निघालेल्या कितीतरी बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, हे मी मैत्रिणींकडून ऐकते आणि स्वतःही ओळखून आहे. विखुरलेल्या पार्किंगला स्वच्छतागृह देता येत नाही, कारण गाड्या दोन किलोमीटरवर पसरलेल्या असतात. एका ठिकाणी वाहनतळ असला की तिथे पाणी, कचऱ्याचा डबा, चहा, शौचालय, प्रथमोपचार हे सगळं उभं राहू शकतं आणि कुणाला तरी त्याचं उत्तर द्यावं लागतं.

माथेरानने हा निर्णय फार पूर्वीच घेतला. गाडी दस्तुरी नाक्यावर ठेवायची. पुढे अमन लॉजहून छोट्या रेल्वेगाडीची शटल आहे, घोडे आहेत, अलीकडे ई-रिक्षा आल्या आहेत, नाहीतर लाल मातीतून चालत जायचं. दस्तुरीपासून दहा मिनिटं चाललं की इंजिनांचा आवाज मागे पडतो आणि मग कानांना पहिल्यांदा झाडांतलं काही ऐकू यायला लागतं. माझ्या लेकीला तिथे शेकरूचा आवाज पक्ष्याचा वाटला होता, आम्ही थांबून शोधत राहिलो आणि शेवटी एका जांभळीच्या शेंड्यावर ती लांब शेपटी दिसली. पॅनोरमा पॉइंट आम्ही त्या दिवशी गाठलाच नाही. पण माथेरानवरून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. नुसतं अंतर पुरत नाही. लागून सुट्ट्या आल्या की नेरळच्या घाटात खालपर्यंत गाड्यांची रांग लागते, कारण किती गाड्यांनी वर यायचं हे खाली कुणी मोजत नाही. गर्दी पॉइंटवरून उचलून घाटात ठेवली एवढंच होतं. कासला मोजणी आणि अंतर दोन्ही आहे, म्हणून तिथे श्वास घेता येतो.

आपल्याकडे बाकी ठिकाणी दोनच टोकं दिसतात. एक तर सगळं मोकळं, नाहीतर सगळं बंद. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यानंतर पुणे जिल्ह्यातल्या पर्यटनस्थळांवर मनाई आदेश निघाले. त्या प्रसंगी ते समजण्यासारखं होतं. पण बंदीने भजीवाल्या मावशीचा हंगाम बुडतो, आणि बंदी उठली की गाड्या पुन्हा त्याच वळणावर येतात. मधला मार्ग वाहनतळातून जातो. किती गाड्या आत घ्यायच्या, पाऊस वाढला की कधी थांबवायच्या, कोण अजून परत आलेलं नाही, हे सगळं एका फाटकाशी बसलेल्या माणसाला कळू शकतं. ओढ्याचं पाणी कधी चढतं हे त्याला कुठल्याही अॅपपेक्षा आधी समजतं, कारण तो त्याच गावचा असतो.

आणि हे काम गावाकडेच असावं असं मला मनापासून वाटतं. घाटमाथ्यावरची भातखाचरं लहान, पीक एकच, ते झालं की तरुण पोरं पुण्याला, चाकणला कामाला जातात. पावसाचे चार महिने रस्त्यालगतचं पडीक रान वाहनतळाला दिलं, पावतीपुस्तक ग्रामपंचायतीचं किंवा समितीचं ठेवलं, तर गावात पैसा येतो आणि डोंगर राखण्याचं कारणही. जिथे असं होत नाही तिथे कुणीतरी दोरी आडवी लावून, बिनपावतीचे पैसे घेतं. त्यावर चिडलेले लोक मग पावती असलेल्या ठिकाणीही हुज्जत घालतात. पर्यटकांच्या गर्दीच्या त्रासापोटी घेतल्या जाणाऱ्या उपद्रव शुल्काच्या तीस-चाळीस रुपयांवरून, वीस लाखांच्या गाडीची काच खाली करून, गावच्या पोराशी भांडणारी माणसं पाहिली की मला अतिशय वाईट वाटतं. ते पोर आपल्यासाठी दिवसभर पावसात उभं असतं.

नाणेघाटासाठी मला हेच हवं आहे. गाड्या घाटघरच्या अलीकडे थांबाव्यात, माथ्यावरची सपाटी दगडांचा बुटका गडगा घालून चाकांपासून वाचवावी, चालता न येणाऱ्यांसाठी गावातल्याच जीप फेऱ्या माराव्यात आणि बाकीच्यांनी शेजारच्या जीवधन किल्ल्याकडे बघत चालत जावं. वाटेवर गावातल्या मुलांनी लेणी दाखवायला सोबत यावं, नागनिकेचा लेख कुठे सुरू होतो ते सांगावं. वाहनतळावर बायकांसाठी पाण्याची सोय असलेलं स्वच्छ शौचालय असावं, ते चालवणाऱ्या बचत गटाला त्याचा पगार मिळावा. यासाठी आज घेतात त्याच्या तिप्पट पैसे घेतले तरी मी आनंदाने देईन, आणि पावती मागून घेईन.